हसले ते साक्षीदार, रुसले ते फिर्यादी

"ताई, अश्लीलचं कलम किती हो?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी कढीपत्त्याची फांदी खाली ओढत होते. सकाळच्या साडेसातला, परभणीत जिंतूर रोडच्या मागच्या आमच्या कॉलनीत, एका बाईनं दुसऱ्या बाईला असं विचारलं म्हणजे गल्लीत काही तरी घडलंय, नाही तर घडायचंय. फांदी सोडली आणि भिंतीशी गेले. माझी सगळी नोकरी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून झाली, त्यामुळं कॉलनीला मी फुकटची वकील वाटते. वकील नाही मी, पण तारखा मात्र पुष्कळ लिहिल्यात.

पलीकडं वहिनी कुरडया घालत होत्या. गव्हाचा चीक गरम होता, खाली जुनी साडी अंथरलेली, हातात सोऱ्या. सोऱ्या दाबता दाबता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मव्हा भाचा हाय ना, गंगाखेडचा, पुन्याला कंप्युटरवर हाय तो. रातीचं हाटेलात उभं राहून जोक सांगतो म्हनं. लोकं तिकीट काढून ऐकतेत. आता त्याच्या बहिनीचं लगीन हाय वसमत रोडच्या कार्यालयात. हळदीच्या राती मला धा मिनिटं द्या म्हनायलाय. व्याह्यावर जोक करनार! मव्हा भाऊ लई घाबरलाय. तुझ्या शेजारच्या ताईला इचार म्हन्ला, काई कलम-बिलम लागतंय का."

"व्याही कुठले?"

"सेलूचे. हेडमास्तर व्हते."

"मग कलमापेक्षा हेडमास्तरांचीच भीती जास्त."

वहिनी हसल्या नाहीत. भाऊ खरंच घाबरलेला दिसत होता. त्यानं टीव्हीवर 'ते बिअरवालं पोरगं' पाहिलं होतं आणि तेव्हापासून जोक म्हटलं की त्याला पोलिसच आठवतात.

बिअरवालं पोरगं म्हणजे यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया. 2025 च्या फेब्रुवारीत समय रैनाच्या 'इंडियाज गॉट लेटेंट'मध्ये तो पाहुणा म्हणून बसला आणि समोरच्या स्पर्धकाला आईबापाच्या शेजेबद्दल एक प्रश्न विचारला. प्रश्न मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ऐकला त्यांना पुरे आहे आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही. तिकडं गुवाहाटीत गुन्हा, इकडं महाराष्ट्र सायबरकडं गुन्हा. रैनानं कार्यक्रमाचे सगळे भाग यूट्यूबवरून उतरवले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 18 फेब्रुवारीला न्यायमूर्ती सूर्यकांत आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्यापुढं आलं, तेव्हा कोर्टानं त्याच्या डोक्यातली घाण काढायची ती काढलीच, पण अटकेपासून संरक्षणही दिलं. पासपोर्ट ठाण्याच्या पोलिसांकडं जमा, कार्यक्रम बंद. 3 मार्चला सभ्यता पाळायच्या अटीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू करायची मुभा मिळाली, पासपोर्ट एप्रिलच्या शेवटी.

"त्याच्या मायनं दोन मुस्काटात हानल्या असत्या तर भागलं नसतं का?" वहिनी म्हणाल्या. "पासपोट कशाला पाहिजे?"

मला तो जोक घाण वाटला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण घाण असणं आणि गुन्हा असणं यात अंतर ठेवावं लागतं, नाही तर आमच्या कोर्टाच्या कँटीनमधला निम्मा स्टाफ कधीच आत गेला असता.

"आधी कलम ऐका," मी म्हटलं. "भारतीय न्याय संहितेचं 296. सार्वजनिक ठिकाणी किंवा त्याच्या जवळपास, दुसऱ्याला त्रास होईल असं अश्लील काही केलं, अश्लील गाणं म्हटलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाही तर हजार रुपयांपर्यंत दंड, नाही तर दोन्ही."

हे कलम आधी 294 होतं. 1 जुलै 2024 ला नवी संहिता आली आणि जुनं 292, म्हणजे अश्लील पुस्तकांचं, ते 294 झालं. जुनं 294 झालं 296. मी त्याआधीच निवृत्त झाले हे माझं भाग्य. मागं राहिलेल्या कारकुनांनी रजिस्टरमध्ये काय काय गोंधळ घातले असतील देव जाणे.

"हजार रुपये?" वहिनींनी सोऱ्या खाली ठेवला. "मंग कामून घाबरायलाय मव्हा भाऊ? मंडपवालाच पन्नास हजार घ्यायलाय."

"दंड कुठं मोठा असतो, वहिनी? तारखा मोठ्या असतात."

मग मी त्यांना काकोडकरांची गोष्ट सांगितली. चंद्रकांत काकोडकर, आपल्या आयांच्या उशाखाली सापडायचे ते कादंबरीकार. 1962 च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' छापून आली आणि फिर्याद झाली. खालच्या कोर्टानं सोडलं. हायकोर्टानं दोषी धरलं आणि दंड केला पंचवीस रुपये. पंचवीस! तो माणूस त्या पंचवीस रुपयांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1969 मध्ये निर्दोष सुटून आला. प्रवासखर्चाचा हिशेब कुणी ठेवला असेल तर वाचायला आवडेल मला.

त्याच्याही आधी र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवायचे, वाचकांनी विचारलेल्या शरीराबद्दलच्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर.

"बाबासाहेब? मंग जितलेच आसतील."

"हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला."

वहिनी गप्प झाल्या. बाबासाहेब कोर्टात हरू शकतात हे त्यांना त्या कलमाविषयी जितकं सांगून गेलं तितकं माझी सगळी बडबड सांगू शकली नसती.

"पण कलमात एक मेख आहे," मी म्हटलं. "कुणाला तरी त्रास झाला पाहिजे. नुसतं अश्लील असून चालत नाही."

नागपूरकडं उमरेड तालुक्यात तिरखुरा म्हणून गाव आहे. तिथल्या एका रिसॉर्टवर 2023 मध्ये पोलिसांची धाड पडली. बंद हॉलमध्ये बायका तोकड्या कपड्यांत नाचत होत्या, पाहुणे नोटा उधळत होते. गुन्हा दाखल झाला. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडं गेलं. त्याच वर्षी कोर्टानं गुन्हा रद्द केला: तोकडे कपडे घालून नाचणं म्हणजे आपोआप अश्लील होत नाही, आणि ज्यांच्यापुढं नाच चालला होता त्यांच्यापैकी कुणालाच त्रास झालेला नव्हता.

"मंग पोलिसालाच तरास झाला म्हना की!"

"तेच."

"पन पोलिसाला कुनी बोलावलं व्हतं बगायला?"

माझ्या नोकरीत अशा फायली आल्या तेव्हा मी नेमकं हेच बघायचे: फिर्यादी त्या जागी होता का? बहुतेक वेळा नसायचा. 2014 च्या डिसेंबरात वरळीला एआयबी या विनोदी मंडळींचा तो नट-नट्यांची टर उडवणारा कार्यक्रम झाला, चार हजार माणसं तिकीट काढून बसली, पोट धरून हसली, घरी गेली. महिन्यानं व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि मग ज्यांनी तिकीट काढलं नव्हतं त्यांच्या भावना दुखायला लागल्या. फेब्रुवारीत ताडदेवला गुन्हा. लेटेंटचंही तसंच. सभागृहातलं कुणी उठून पोलिस ठाण्यात गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

यावर वहिनी जे बोलल्या ते मला सुचलं नव्हतं.

"ताई, आमच्याकडं विहिनीची गानी म्हनायचे. हळदीच्या राती. मव्ही आत्या अशी गानी म्हनायची की तुमच्या त्या बिअरवाल्यानं कानात बोळे घातले आसते. विहिनीचं उठनं-बसनं, खानं, निजनं, काई सोडायची नाही. पन कव्हा? गडी मानसं वट्ट्यावर गेली की. लेकरं निजली की. दार लोटलं की. विहीन समोर बसून हसायची, आन् तिच्याकडची एखादी उठून दुप्पट परतफेड करायची. सकाळी उठून पुन्हा पदर डोईवर. आता दारच राह्यलं नाही. एक म्हनाय लागली की चार पोरी मोबाईल काढतेत. म्हून बंद केलं आम्ही."

खरी गोष्ट आहे. कायदा सार्वजनिक जागा म्हणतो आणि आमच्या बायकांनी ती जागा शेकडो वर्षं स्वतःच आखून घेतली होती, कुणी काय कुठं ऐकायचं ते ठरवून. लोटलेलं दार म्हणजे त्यांचं परिनिरीक्षण मंडळ. मुंबईत सरकारनं नाटकांसाठी मंडळ नेमलं, 'सखाराम बाइंडर'च्या वेळी 1972 मध्ये त्यापायी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना हायकोर्ट गाठावं लागलं. आत्याला कधी गाठावं लागलं नाही.

"आणि मोबाईलमध्ये गेलं की कलमही वेगळं," मी सांगितलं. "माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड."

"तेच गानं?"

"तेच गाणं. चौकात म्हटलं तर तीन महिने, फोनवर पाठवलं तर तीन वर्षं."

"चौकात म्हनलेलं बरं मंग."

ओसरीवरून आमचे हे ओरडले, "दादा कोंडक्यांचं काय केलं त्यांनी, ते सांगा की!" पेपर वाचतात असं दाखवतात, पण कान भिंतीवर असतात. दादांना कुणी काही करू शकलं नाही असं यांचं मत आहे. एक अर्थ पडद्यावर आणि दुसरा प्रेक्षकाच्या डोक्यात, आणि सेन्सॉरच्या कात्रीला पडद्यावरचाच सापडायचा. यांनी पुढं तमाशाचंही सुरू केलं: बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई राज्यात तमाशावर बंदी आणली तेव्हा आपली परभणी हैदराबादकडं होती, त्यामुळं आपल्याकडं फडांना... इथं मी त्यांना चहा ठेवायला पाठवलं.

वहिनींची पुढची शंका शिव्यांची होती. भाचा म्हणे बोलता बोलता शिव्या देतो. पुण्यात त्याला लोक टाळ्या वाजवतात.

याला उत्तर सोपं आहे. 2024 च्या मार्चमध्ये 'कॉलेज रोमान्स' नावाच्या मालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की शिवी गलिच्छ असेल, असभ्य असेल, पण शिवी दिली म्हणून ती अश्लील ठरत नाही. वासना चाळवते का, हे बघायचं. शिवी ऐकून राग येतो, किळस येते. वासना कुणाची चाळवते?

"ते आमच्या जनीला कव्हाच ठावं व्हतं," वहिनी म्हणाल्या.

गंगाखेडच्या माणसापुढं जनाबाईचं नाव निघणार नाही असं होतच नाही. पण यावेळी ते नेमक्या जागी निघालं. जनीनं विठोबाला काय काय म्हटलंय ते वाचा कधी. त्याच्या खानदानाचा उद्धार केलाय, त्याच्या बायकोला रंडकी करून टाकलीय. आणि तो दुसरा अभंग, डोईचा पदर ढळू देऊन भर बाजारात निघालेल्या बाईचा! तेराव्या-चौदाव्या शतकातल्या एका दासीनं म्हटलेलं. आज कुणा पोरीनं माईकवर स्वतःचं म्हणून हे म्हटलं तर संध्याकाळपर्यंत चार तालुक्यांत निवेदनं जातील.

"जनीनं शिव्या देल्या तव्हा देव गेला का ठान्यात?"

"देव नाही गेला. पण देवाच्या वतीनं जाणारे आता पुष्कळ आहेत, आणि त्याला 299 कलम आहे, तेही तीन वर्षांचं. बुद्ध्या आणि दुष्टपणानं भावना दुखावल्या हे सिद्ध करावं लागतं, पण सिद्ध होईपर्यंत तुमचा भाचा आजोबा होईल."

ही अतिशयोक्ती नाही. आपल्या शेजारच्या लातूरचंच घ्या. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता. 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका बुलेटिनमध्ये ती छापली गेली, तेही सभासदांपुरतं. पतित पावन संघटनेच्या माणसानं पुण्यात तक्रार केली. अंक लातूरचा म्हणून कागद लातूरला आले, आणि गुन्हा नोंदला गेला कुठं? गांधी चौक पोलिस ठाण्यात.

"गांधीची फिर्याद गांधी चौकात!" वहिनींना हे इतकं आवडलं की एक कुरडई वाकडी पडली.

आधी लावलं 153-अ आणि 153-ब, म्हणजे समाजात तेढ. त्यात 292 घातलं. 2001 मध्ये लातूरच्या न्यायाधीशांनी तेढीची कलमं काढली, अश्लीलतेचं ठेवलं. औरंगाबाद खंडपीठानंही हात दिला नाही. मग दिल्ली. 14 मे 2015 ला निकाल आला. कवितेच्या अंकाला तोवर वीस वर्षं उलटून गेलेली. फली नरीमनांसारखा माणूस कोर्टाला मदत करायला उभा होता. आणि निकाल काय? छापणाऱ्या-प्रसिद्ध करणाऱ्यांनी लगेचच माफी छापली होती म्हणून ते सुटले. कवीवरचा खटला मात्र चालू द्या. कारण इतिहासात आदराचं स्थान असलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घातले असतील तर अश्लीलतेची कसोटी जास्त कडक लावायची, असं न्यायमूर्ती दीपक मिश्रांनी लिहिलं.

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. एक तर ओळ अश्लील असते किंवा नसते. ती कुणाच्या तोंडी घातली यावर तिचं वजन बदलत असेल तर आपण अश्लीलता मोजत नाही आहोत, आदर मोजतो आहोत. आणि आदराचं माप प्रत्येकाच्या खिशात वेगळं. निकाल लिहिणारे थोर आहेत, मी तारखा लिहिणारी. पण तारखा लिहिणाऱ्यालाच दिसतं की त्या एका कवितेनं किती माणसांची किती वर्षं खाल्ली.

"मंग पोरानं पुढाऱ्यावर बोलावं का?" वहिनी म्हणाल्या. "त्यात तर अश्लील काई नसतं."

"नकोच!" हे मात्र मी इतक्या जोरात म्हटलं की आमचे हे चहाचं भांडं घेऊन बाहेर आले.

जोक सांगणाऱ्या कुणाल कामराच्या गाण्यात अश्लील काय होतं? शून्य. एका जुन्या सिनेमाच्या चालीवर एकनाथ शिंद्यांचं नाव न घेता 'गद्दार' म्हणाला, एवढंच. 2025 च्या 23 मार्चला व्हिडिओ आला आणि त्याच रात्री शिंदेंच्या शिवसैनिकांनी खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन तिथं हजर, बांधकाम अनधिकृत म्हणून. फोडणारे पकडले गेले आणि त्याच दिवशी जामिनावर सुटले. जळगाव, नाशिककडचे गुन्हेही खार पोलिसांकडं आले. कामरा तेव्हा तमिळनाडूत राहायचा, त्यानं मद्रास हायकोर्टातून अटकपूर्व जामीन घेतला. एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टानंही अटक करू नका म्हणून सांगितलं.

गंमत अशी की लेटेंटचं चित्रीकरणही याच हॅबिटॅटमध्ये झालं होतं. म्हणजे दीड महिन्यात एकाच स्टुडिओवर दोनदा संक्रांत. आईबापाच्या शेजेवर बोलले तेव्हा नोटिसा आल्या. पुढाऱ्यावर गाणं म्हटलं तेव्हा नोटिशीच्या आधी लाठ्या आल्या.

"आन् इस्टुडिओवाल्याचा गुन्हा काय?"

"जागा भाड्यानं दिली."

वहिनींच्या डोळ्यांपुढं बहुतेक वसमत रोडचं कार्यालय आलं. त्या म्हणाल्या, "अनामत रक्कम भरलीय ना माय आमची."

मग आम्ही दोघींनी भाच्याचं कामकाज ठरवलं. व्याह्यावर बोलायचं, पण मास्तरकीवर. जातीवर नाही, पुढाऱ्यावर नाही, देवावर तर नाहीच. शिव्या पुण्यात ठेवून यायच्या. एवढं सगळं काढल्यावर दहा मिनिटांत तो बोलणार काय, हे मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "डोंबल बोलनार. त्यापरीस मीच एक गानं म्हनते," आणि इकडं-तिकडं बघून, आवाज बारीक करून, त्यांनी भिंतीवरून मला आत्याचं विहिणीचं एक गाणं म्हणून दाखवलं. मी कोर्टात सगळं आयुष्य काढलं, पंचनामे वाचले, जबाब वाचले. तरी तिसऱ्या कडव्याला मला भिंत धरावी लागली. इथं ते छापायची माझी हिंमत नाही, आणि 67 कलम आता माझ्यापेक्षा तुम्हालाच चांगलं पाठ झालं असेल.

हसणं ओसरल्यावर लक्षात आलं, वहिनींचा नातू पेरूच्या झाडाखाली उभा होता. हातात मोबाईल.

"काय केलंस रे मेल्या?"

"फॅमिली ग्रुपवर टाकलं, आजी."

"काढ! काढ ते! पाच लाख रुपये हायेत त्याला!"

त्यानं काढायला घेतलं तोवर सेलूहून आवाजी निरोप येऊन पडला होता. होणाऱ्या विहीणबाईंचा. वहिनींनी चिकाचा हात साडीला पुसला आणि फोन कानाला लावला. पलीकडून सेलूच्या हेडमास्तरीणबाई खणखणीत आवाजात त्याच चालीवर गंगाखेडच्या नवरीकडच्या बायकांची, नाव घेऊन, परतफेड करत होत्या. चांगली दोन कडवी.

त्याखाली, दुसऱ्याच मिनिटाला, बारीक अक्षरात आलं होतं: हेडमास्तरांनी ग्रुप सोडला.